येते म्हणायचं राहिलं

आधी काकांचं सांगते, मग बाकीचं.

काका आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतात. माझ्या नात्यातले नाहीत. जन्मभर बोटीवर इंजिनियर होते, निवृत्त झाल्यावर इथंच थांबले आणि काकू गेल्या तरी इथंच आहेत. ते गुहागरकडचे, मी राजापूरकडची. गावाकडे भेट झाली असती तर लांबचे म्हणून एकमेकांना सोडून दिलं असतं. सिंगापुरात मात्र पहिल्याच महिन्यात लिफ्टमध्ये माझ्या पिशवीतली अळूची पानं बघून त्यांनी विचारलं, "कुठची गो तू?" तेव्हापासून ते मला बाय म्हणतात. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते ओघात येईलच. त्यांचं नाव आधी घ्यायला हवं होतं म्हणून घेतलं, आणि नाव म्हणजे काका एवढंच मी घेते.

मी इथं ईस्ट कोस्टला एका पुण्याच्या कुटुंबात कामाला आहे. स्वयंपाक, घर आणि आठ वर्षांची मुलगी. ताई आणि दादा दोघं बँकेत. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नाही. त्यांनी मला वेगळी खोली दिली, खोलीला आतून कडी दिली. गावी माझा नवरा आहे, सासू आहे, आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मुलगी आहे. तिचा कोर्स संपेपर्यंत मला इथं राहायचं होतं. एवढीच माझी गोष्ट, आणि ही एवढी गोष्ट मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

माझा दोन वर्षांचा करार नोव्हेंबरात संपणार होता. गणपतीच्या सुमाराला ताईंनी मला बसवून विचारलं की पुढं दोन वर्षं राहायचंय की घरी जायचंय. म्हणाल्या, "तू ठरव आणि मला सांग. घाई नाही." मी मान हलवली आणि भांडी विसळायला गेले.

आता कुणी म्हणेल, राहायचं होतं तर तिथल्या तिथं सांगायचं. पण 'तू ठरव' या शब्दांची मला भीती आहे. मोठी माणसं 'तू ठरव' म्हणतात तेव्हा त्यांचं ठरलेलं असतं, आपण फक्त गप्प राहायचं असतं, असं मी लहानपणी एकदा शिकले आणि ते डोक्यातून गेलं नाही. त्यामुळे मी वाट बघत राहिले. ताई माझी वाट बघत होत्या, हे मला काय माहीत.  दोन महिने मी अशी वाट बघत पोळ्या लाटल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी ताईंच्या मुलीच्या शाळेत हॅलोविनचं वेड सुरू झालं. तिला आणि तिच्या मैत्रिणीला भुताच्या जागा बघायच्या होत्या. मैत्रीण आमच्याच मजल्यावरची, चिनी, हिच्याच वर्गातली. ताईंना रविवारीसुद्धा काम होतं आणि दादा परदेशी गेले होते. शेवटी काका म्हणाले, मी नेतो गाडीतून, पण दुपारी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अंधारात समोरच्या गाड्यांचे दिवे त्यांना फुटल्यासारखे दिसतात. त्यामुळे आमची भुतं दुपारी दोन ते संध्याकाळी सात या वेळेतलीच. मुलींनी तोंडं वाकडी केली, पण दुसरा ड्रायव्हर नव्हता.

रविवार माझ्या सुट्टीचा. मी लिटिल इंडियात जाते, आमच्यासारख्या दोघीतिघी भेटतात, गवतावर बसून घरी फोन करते, पाय लांब करते. ताईंनी विचारलं, "तू जाशील का गं त्यांच्याबरोबर? नको असेल तर स्पष्ट सांग." मी म्हटलं, जाईन की. स्पष्ट सांगायची मला सवय असती तर हे पुढचं काही झालंच नसतं.

मुलगी चेटकीण झाली होती, डोक्यावर काळी टोपी. मैत्रिणीच्या अंगात हाडांचा सापळा छापलेला नाईट ड्रेस. मला म्हणाल्या, "मावशी, यू ऑल्सो मस्ट ड्रेस अप लाह." मी म्हटलं, आठवडाभर काम करून रविवारी जो चेहरा होतो तो पुरेल. काका स्टिअरिंगवर हात ठेवून इतके हसले की गाडी सुरू करायची राहिली.

पहिली जागा बुकिट ब्राऊन. जुनं चिनी स्मशान, पण स्मशान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं नाही. मोठ्या झाडांचं रान, मातीची वाट, आणि दोन्ही बाजूंना चढावर हात पसरून बसलेल्या खुर्च्यांसारख्या थोरल्या कबरी. फरशीच्या तुकड्यांवर मेलेल्यांचे फोटो. रातकिडे दुपारीच कानठळ्या बसवत होते. मी मागून पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, काकांचा थर्मास आणि काकांची टॉर्च घेऊन चालले होते. टॉर्च उन्हात कशाला, तर मुलींना हनुवटीखाली लावून तोंडं भयाण करायची होती.

मैत्रिणीला तिच्या आजीनं पढवून पाठवलं होतं. इथं कुणाला नावानं हाक मारायची नाही आणि कबरीला बोट दाखवायचं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवत नाहीत, सडतो म्हणून. ती म्हणाली, "पम्पकिन ऑल्सो कॅन डाय आह?" 

एका वळणावर चाफ्याचा वास आला. मुली किंचाळून काकांच्या मागं लपल्या. चाफ्याचा वास आला म्हणजे पोंटियानाक जवळ आहे, असं इथली पोरं मानतात. बाळंतपणात मेलेली बाई, केस मोकळे, पांढरे कपडे. म्हणजे आमची अळवंतच की. अळवंत इथंही आहे हे ऐकून मला उगीच बरं वाटलं, ओळखीचं कुणी निघालं तसं. आणि तो वास तर मला आमच्या देवळाच्या पायऱ्यांचा वाटला. मुली पळत होत्या आणि मी तिथंच उभी राहून श्वास घेत होते. पायही दुखत होते, ते एक कारण झालं.

मग मुलीनं विचारलं, "मावशी, यू एव्हर सी रिअल गोस्ट?"

मी म्हटलं, "बघितलं नाही. पण एका भुतानं माझी शाळा बंद केली."

ही गोष्ट मी त्यांना सांगितली ती अशी. आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा होती, पण माझ्या वेळी शेवटचे मास्तर बदलून गेले आणि सातवीच्या मध्यावर आम्हाला पलीकडच्या गावात जावं लागलं. वाटेत ओढ्याकाठी चिंच होती, त्या चिंचेवर खवीस. बरोबरच्या दोन मुलींची नावं त्यांच्या घरच्यांनी शाळेतून काढली. मी एकटी उरले. आठवडाभर मी डोळे मिटून, मुठीत मीठ घेऊन चिंचेखालून पळत गेले. मग एका संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "जायचंय का तुला शाळेत? तू ठरव." मी बारा वर्षांची. मला जायचं होतं आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्ही एका वाक्यात कसं सांगतात ते मला माहीत नव्हतं. मी गप्प बसले. वडील म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी दप्तर माळ्यावर गेलं.

मुलीनं टोपी सावरली आणि मनापासून म्हणाली, "नो स्कूल? सो लकी!"

मैत्रीणही म्हणाली, लकी. मग दोघींनी आमच्या कंडोत, म्हणजे सोसायटीत, असं एखादं झाड आहे का याचा शोध घ्यायचं ठरवलं.

तिथून निघताना मी सवयीनं कबरींकडे वळून हात जोडले आणि म्हटलं, "येते हं." आपण कुठूनही निघताना हेच म्हणतो. जाते म्हणणं अशुभ, घरात कुणी जातो म्हणालं तर म्हातारी माणसं दारातून परत बोलावतात. पण काका गर्रकन वळले.

"अगो, काय म्हणालीस? येते? भुताला सांगतेस येते म्हणून? ते ताट वाढून बसेल ना."

 काका मग मुलींकडे वळून गंभीर चेहऱ्यानं नियम सांगायला लागले. चांगल्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं. अशा जागेवरून निघताना मात्र 'जातो' म्हणायचं, ठणकावून, म्हणजे त्यांना कळतं की संबंध संपला. बोटीवर नोकरी करत असताना त्यांनी स्वतः एकदा उलटं केलं होतं. काकूंशी कशावरून तरी वाद झाला आणि ते बॅग उचलून दारातून 'जातो' म्हणाले. पुढचे आठ महिने काकूंची पत्रं नियमानं आली, पण पत्रात फक्त घरपट्टी आणि मुलांचे मार्क. "मायेची एक ओळ नाही," काका म्हणाले. "आठ महिने. एका शब्दापायी."

मुलींना नियम म्हणजे खेळ. त्यांनी लगेच माझ्यावर पहारा बसवला. मी त्या स्मशानाला तीनदा 'जाते' म्हणाले तेव्हा कुठं गाडीत बसू दिलं. मग पेट्रोल पंपावरून निघताना, "मावशी, से." जाते. टॉयलेटमधून बाहेर पडताना, "से, से." जाते. वाटेत काका एकाच एक्झिटला दोनदा चुकले, फोनमधली बाई परत परत वळा म्हणत राहिली. मी म्हटलं, काका, चकवा लागला, आमची आई अशा वेळी पायातल्या चपला उलटसुलट घालायला सांगायची. मुलींनी मागच्या सीटवर लगेच बूट बदलले. तिसऱ्यांदा रस्ता बरोबर लागला आणि त्या एक्झिटलासुद्धा मला जाते म्हणावं लागलं. चांगीच्या हॉकर सेंटरमध्ये मुलींनी नूडल्स खाल्ल्या, काकांनी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेतली, मी भात घेतला. तिथल्या नूडल्सवाल्या म्हातारीलाही मी, कुणी न सांगता, "जाते" म्हणाले. जिभेला वळण पडलं होतं.

शेवटची जागा म्हणजे टेकडीवरचं बंद पडलेलं जुनं हॉस्पिटल. आत जाता येत नाही, कुंपण आहे. आम्ही रस्त्यावरून बघितलं. मुलींनी टॉर्च लावली, उजेडात ती दिसेना. खूप वेळ वाट बघितल्यावर एक मांजर बाहेर आलं आणि आमच्याकडे न बघता निघून गेलं. मैत्रीण म्हणाली, भूत मांजराचं रूप घेतं. मुलगी म्हणाली, हे जाडं आहे, भुतं जाडी नसतात.

मला तिथं भुतं दिसेनात. मला दिसले ते न झाडलेले व्हरांडे. केवढे लांब व्हरांडे, पालापाचोळा, खिडक्यांवर शेवाळ. इथं कुणी बाई रोज फडकं मारत असेल, कुणी नर्स रात्रभर या टोकापासून त्या टोकाला चालत असेल. माझी मुलगी पुढं असंच चालेल. तिचे पाय माझ्यासारखे आहेत, संध्याकाळी सुजतात. हे सगळं मनात येत होतं आणि मला तिथंच खाली बसावंसं वाटत होतं. काकांनी घड्याळ बघितलं, ऊन उतरलं होतं. मी हॉस्पिटलला जाते म्हटलं आणि आम्ही निघालो.

सातच्या आत घरी पोचलो. मुली तशाच खाली गोळ्या-चॉकलेटं गोळा करायला पळाल्या, मैत्रिणीची आई बरोबर गेली. मी वर आले तर ताई लॅपटॉपसमोर, कानात ते फोनचं बोंडूक. पिशवी रिकामी करताना बघितलं, काकांची टॉर्च आणि थर्मास माझ्याकडेच राहिलेला. मी मोठ्यानं म्हटलं, काकांचं सामान आत्ताच देऊन यावं की सकाळी द्यावं. ताईंनी हात वर करून थांब म्हटलं, त्या कुणाशी तरी बोलत होत्या. मी ओट्यापाशी उभी राहिले. दहाएक मिनिटांनी त्यांनी ते बोंडूक काढलं, डोळे चोळले, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मग, काय ठरवलंस?"

मी म्हटलं, "जाते, ताई."

त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."

मी टॉर्च आणि थर्मास घेऊन चौथ्या मजल्यावर गेले, काकांच्या हातात दिले, परत आले. ताईंच्या खोलीचं दार बंद होतं. त्या जेवायला आल्या नाहीत. मला वाटलं, कामाचा ताण.

सोमवारी मुलीला ताप आला. दिवसभर उन्हात हिंडलेली, त्यात आइस्क्रीम, ताप येणारच. पण माझं मन. मी दुपारी तिच्यावरून मीठमिरच्या उतरवल्या आणि गॅसवर टाकल्या. गावी चुलीत टाकतो तेव्हा धूर कौलांतून निघून जातो. इथं तो थेट ताईंच्या मीटिंगमध्ये गेला. ताई खोकत बाहेर आल्या, गॅसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खिडकी उघडली आणि काही न बोलता आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवारी त्यांनी विचारलं, "वीस तारखेचं तिकीट चालेल ना तुला?"

माझ्या हातात लसूण होता. मी म्हटलं, चालेल. त्या म्हणाल्या, एजन्सीशी बोलतेय, दुसरी कुणी मिळेपर्यंत मुलीला सांगू नकोस. मी म्हटलं, नाही सांगत. लसूण सोलून झाला, तरी मी सोलतच राहिले.

मला वाटलं, मिरच्यांमुळे. मग वाटलं, मुलीला भुताच्या जागी नेऊन आजारी पाडली म्हणून. मग वाटलं, त्यांचं गणपतीतच ठरलेलं होतं. विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. कुणी ठरवलेलं असलं की आपण विचारायचं काय? रात्री माझ्या मुलीचा फोन आला, हॉस्टेलवरून. तिला पहिल्यांदा इंजेक्शन द्यायला दिलं होतं, ते कसं दिलं ते ती सांगत होती. मी हं हं करत राहिले. तिला तिकिटाचं सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी मी खाली बाकावर शाळेच्या बसची वाट बघत बसले होते. काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फाईल घेऊन टॅक्सीसाठी उभे होते. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात त्यांची डोळ्यांची तारीख होती, ऑपरेशनच्या आधीची तपासणी. किती दिवसांनी मिळालेली तारीख, ते मला आठवडाभर सांगत होते. मला बघून म्हणाले, "चकव्यातून अजून सुटली नाहीस वाटतं."

मी म्हटलं, "काका, मी वीस तारखेला गावी चालले."

"सुट्टीवर?"

"नाही. काढलं त्यांनी."

ते बाकावर येऊन बसले. का काढलं, कधी काढलं, काय म्हणाल्या, एकेक विचारत गेले, इंजिनात बिघाड कुठं आहे ते बोटीवर शोधत असतील तसे. मी मिरच्यांचं सांगितलं. ते म्हणाले, मिरच्यांनी कुणी माणूस काढत नाही. त्याआधी काय झालं? मी म्हटलं, त्याआधी काही नाही, रविवारी तर त्या माझ्याशी धड बोलल्यासुद्धा नाहीत, फक्त काय ठरवलंस म्हणून विचारलं.

"आणि तू काय म्हणालीस?"

"तुमची टॉर्च द्यायला जाते म्हणाले."

"टॉर्च म्हणालीस?"

मी आठवलं. टॉर्च आधी म्हणाले होते, त्या फोनवर असताना. "नाही," मी म्हटलं. "नुसतं जाते म्हणाले."

 टॅक्सी आली, ड्रायव्हरनं काच खाली केली. काकांनी त्याला हातानं जा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, काका, तुमची तारीख. ते म्हणाले, "नियम मी शिकवला, बाय. चल वर."

मी नको म्हटलं. त्यांनी तिकीट बघितलंय, एजन्सीशी बोलल्यात, त्यांचं ठरलंय. काका म्हणाले, "त्यांचं काही ठरलेलं नाही. तुझ्या तोंडचं त्यांनी धरलंय." एवढ्यात बस आली. मुलगी उतरली, तिचा एक हात मी धरला, दुसरा काकांनी, आणि आम्ही लिफ्टमध्ये शिरलो.

ताई घरूनच काम करत होत्या, दार बंद, मीटिंग चालू. काका जेवणाच्या टेबलाशी बसले. मी चहा केला. पाऊण तास गेला. काकांनी फाईल माझ्या बाजूनं उलटी दिसेल अशी फिरवून ठेवली होती, म्हणजे तिच्यावर लिहिलेली वेळ मला वाचता येऊ नये. मला आकडे उलटेही वाचता येतात. वेळ निघून गेली होती.

ताई बाहेर आल्या, काकांना बघून चपापल्या. काका म्हणाले, "मी फक्त बसलोय. बोलायचंय हिला." आणि खरंच गप्प बसले. त्यांच्यावर मला तेव्हा फार राग आला. मला वाटलं होतं, ते सगळं सांगतील, मी मागं उभी राहीन.

मी सांगितलं. अर्धं उलटसुलट. भुतांना जाते म्हणायचं असतं, मुलींनी दिवसभर म्हणायला लावलं, जीभ वळली, टॉर्च काकांची होती. ताईंना आधी काहीच कळेना. मुलगी मधेच म्हणाली, "मम्मा, इट्स द रूल लाह. एव्हरी प्लेस मावशी मस्ट से जाते." ताई खुर्ची ओढून बसल्या.

"दोन वर्षांत तू एकदाही जाते म्हणाली नव्हतीस," त्या म्हणाल्या. "कोथिंबीर आणायला जातानासुद्धा येते म्हणतेस. म्हणून तर मला कळलं, हिचं पक्कं झालंय."

त्यांना वाटलं होतं, माझा सुट्टीचा रविवार त्यांनी काढून घेतला आणि मी कंटाळले. म्हणूनच त्या रात्री त्या जेवल्या नव्हत्या. माझ्याकडे बघवत नव्हतं म्हणून कमी बोलत होत्या. मी म्हटलं, मला वाटलं मिरच्या. त्या हसल्या, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मुलगी कोण मेलं म्हणून विचारायला लागली.

मग ताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ते राहू दे. आता मला नीट सांग. तुला राहायचंय की जायचंय?"

पुन्हा तेच. मी काकांकडे बघितलं. काका चहाच्या कपाकडे बघत होते, कप रिकामा होता. मला त्या संध्याकाळचा ओटीवरचा आमचा कंदील आठवला, वडील आठवले, त्यांचं ते 'बरं'.  मी म्हटलं, "राहायचंय, ताई. माझ्या मुलीचं शिक्षण संपेपर्यंत राहायचंय. मला भीती पण वाटते, की तुम्हाला नको असेन."

दोन्ही एका वाक्यात नाही जमलं, तीन लागली.

ताई म्हणाल्या, "एवढंच सांगायला दोन महिने?"

तिकीट रद्द झालं. एजन्सीला नाही म्हणून कळवलं. नवीन कागदांवर मी सही केली, माझी सही अजून शाळेतल्यासारखी, अक्षर न् अक्षर सुटं. आनंद झाला का? झाला. पण त्या रात्री अंथरुणावर पडले तेव्हा अंग असं दुखत होतं की जणू कुणी मला ओढ्यापलीकडून इथवर फरफटत आणलंय. आता आणखी दोन वर्षं पोळ्या, शाळेची बस, फोनवर हं हं. मागितलं तेच मिळालं होतं आणि तेच पुढं उभं होतं. मी कूस बदलली आणि झोपले.

काकांना डोळ्यांची दुसरी तारीख दीड महिन्यानं मिळाली. तोवर त्यांनी गाडी चालवली नाही, दुपारीसुद्धा नाही. मी क्षमा मागितली तेव्हा म्हणाले, दीड महिन्यात बघण्यासारखं काही नव्हतं. ऑपरेशन झाल्यावर डोळ्यांत थेंब टाकायला मी रोज खाली जात होते, पण ती काही परतफेड नव्हे, शेजारधर्म झाला.

थेंब टाकताना एकदा त्यांनी कपाटातला पत्र्याचा डबा दाखवला. काकूंची पत्रं, बोटीवर आलेली सगळी. त्या आठ महिन्यांची वेगळी दोरीनं बांधलेली. त्यांची मुलं इंग्रजीत शिकलेली, त्यांना काकूंचं अक्षर लागत नाही. मी म्हटलं, आता डोळे झाले, तुम्ही वाचा की. ते म्हणाले, "एकट्यानं वाचवत नाहीत गो. कुणीतरी वाचून दाखवावीत, मी नुसतं ऐकावं."

मला जोडाक्षरं अडतात. काकूंचं अक्षर गिचमिड आहे, एका पानावर मी चाचपडत चार ओळी वाचल्या आणि थांबले. सातवीच्या मध्यावर सुटलेली शाळा आहे ती. म्हणून हल्ली रविवारी लिटिल इंडियातून परतताना बसमध्ये मी मिळेल ते मराठी वाचत येते, वाण्याच्या दुकानातल्या जुन्या पेपरचे पुडेसुद्धा, आणि हे असं लिहूनही बघते. घरपट्टी हा शब्द आता मला न अडखळता येतो. काका, एक दिवस मी तो डबा उघडून पहिल्या पत्रापासून शेवटच्यापर्यंत तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवीन, दोरी बांधलेलीसुद्धा. आज नाही जमत. पण येते, काका. नक्की येते.